गाण्याच्या संदिग्ध ओळींचा अर्थ कसा लावावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाण्यातील एखाद्या ओळीवरून दोन माणसांचे मतभेद झाले, की जे प्रश्न पुढे येतात ते बहुधा ठरावीकच असतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी पुढील दोन ओळींचा आधार घेतला आहे. त्या कोणत्याही गाण्यातील नाहीत; दाखवण्यासाठी मुद्दाम रचल्या आहेत, म्हणून त्यांच्या काव्यगुणांविषयी तक्रार करू नये.

*सर सरली, वाट उरली, दारी तुझ्या आले*
*हाक दिली कुणी कुणाला, दार बंद झाले*

१. जी ओळ मला समजत नाही, ती संदिग्धच म्हणायची का?

नाही. ज्या ओळीचा एकही अर्थ लागत नाही ती दुर्बोध; जिचे एकाहून अधिक अर्थ लागतात आणि त्यांपैकी कोणता घ्यावा हे ठरत नाही ती संदिग्ध. तिसरा प्रकार नीट ऐकू न आलेल्या ओळीचा असतो आणि तो या दोहोंपेक्षा अधिक आढळतो (प्रश्न ३ पाहा). जुन्या काव्यशास्त्राने हा फरक फार बारकाईने केला होता. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने 'संदिग्ध' हा शब्दाचा दोष म्हणून सांगितला, आणि त्याच परंपरेत श्लेष मात्र अलंकार ठरला. दोन अर्थांमुळे ऐकणारा नुसता अडखळत असेल तर तो दोष. दोन्ही अर्थ एकाच वेळी हवे असतील तर ते कौशल्य. गाण्याच्या कोणत्याही ओळीला हाच पहिला प्रश्न विचारावा: येथे अडखळायला होते, की दोन्ही अर्थ मिळून काही अधिक हाती लागते?

२. प्रत्येक गाण्याला एकच 'खरा अर्थ' असतो ना?

शब्दांचा सरळ अर्थ, म्हणजे वाच्यार्थ, बहुधा एकच असतो. त्यातून सूचित होणारा व्यंग्यार्थ मात्र कोण कोणाला आणि केव्हा बोलते यावर अवलंबून असतो. नवव्या शतकात आनंदवर्धनाने काव्यातील या सूचित अर्थाला 'ध्वनी' म्हटले आणि तोच काव्याचा आत्मा असल्याचे मांडले. काव्यशास्त्रातील नेहमीचे उदाहरण 'सूर्य मावळला' या साध्या वाक्याचे आहे. गुराख्याने ऐकले तर गुरे घराकडे वळवायची वेळ झाली, मजुराने ऐकले तर काम थांबवायचे, प्रियकराकडे निघालेल्या स्त्रीने ऐकले तर आता जायला हरकत नाही. वाक्य तेच आणि सूर्यही तोच. यातील एकही अर्थ खोटा नाही. मात्र 'सूर्य उगवला' असा अर्थ कोणालाही काढता येणार नाही. अनेक अर्थ संभवतात म्हणजे कोणताही अर्थ चालतो, असे नव्हे. शब्द ज्या अर्थाला स्पष्ट नकार देतात तो गळतो आणि उरलेल्यांचाच विचार करायचा.

३. मला शब्दच वेगळे ऐकू आले होते. मग त्यावरून लावलेल्या अर्थाचे काय?

तो अर्थ मनोरंजक असू शकतो, पण त्या गाण्याचा नसतो. चुकीच्या ऐकण्यातून नवे शब्द तयार होतात त्याला इंग्रजीत 'मॉन्डेग्रीन' म्हणतात. सिल्व्हिया राइट या लेखिकेने १९५४ साली हा शब्द रूढ केला. एका स्कॉटिश पोवाड्यात मारलेल्या सरदाराला हिरवळीवर ठेवल्याचे ('लेड हिम ऑन द ग्रीन') वर्णन होते. लहानपणी तिने ते 'लेडी मॉन्डेग्रीन' असे ऐकले आणि सरदाराबरोबर एक न झालेली बाईही मरून गेली.

मराठीत हा घोटाळा मुख्यतः शब्द जेथे तुटतो तेथे होतो. 'का मना' आणि 'कामना' यांत गाताना काहीच अंतर राहत नाही. प्रस्तुत लेखकाने शाळेच्या वयात एक अख्खे कडवे इच्छेविषयीचे समजून पाठ केले होते, प्रत्यक्षात ते मनाला विचारलेले प्रश्न होते. 'जाई' हे फूल आहे, की 'जातो' या अर्थाचे काव्यातील क्रियापद, हेही नुसत्या कानाला कळत नाही. तालाची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली ठळक मात्रा, शब्दाच्या मध्येच पडली तर अडचण आणखी वाढते. म्हणून अर्थाचा वाद घालण्यापूर्वी छापील पाठ मिळवावा. न कळलेल्या शब्दांत हवे ते ऐकण्याची सवय किती दूर जाऊ शकते, याचे उदाहरण 'लुई लुई' या गाण्याचे आहे. 'द किंग्समेन'च्या १९६३ सालच्या ध्वनिमुद्रणात अश्लील शब्द असल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या एफबीआयने चौकशी केली आणि शेवटी शब्द कळतच नाहीत, असा निष्कर्ष काढला. मूळ गाण्यात एक खलाशी आपल्या प्रेयसीची आठवण सांगतो, इतकेच आहे.

४. एका शब्दाचे दोन अर्थ असतील तर कोणता घ्यावा?

आधी व्याकरणाला विचारावे. मराठीत लिंगाची अडचण परक्यांना वाटते, अर्थ लावणाऱ्याला मात्र ती मोठी सोय आहे. वरच्या ओळीत 'सर' हा शब्द आहे. मोत्यांचा सर पुल्लिंगी असतो आणि पावसाची सर स्त्रीलिंगी. ओळीत 'सरली' आहे, म्हणून मोत्यांचा सर तेथेच बाद झाला. बरोबरी या अर्थाची 'सर' स्त्रीलिंगीच आहे, पण ती 'येते' किंवा 'येत नाही', सरत नाही. उरला तो पाऊस.

'वाट' या शब्दाचे तसे नाही. त्याचा अर्थ रस्ता. 'वाट पाहणे' या वाक्प्रचारामुळे प्रतीक्षेची छटा त्याला चिकटलेली असते, पण ओळीत 'पाहणे' नाही. तेव्हा 'रस्ता उरला' हा अर्थ पक्का धरावा आणि 'प्रतीक्षा उरली' ही छटा म्हणून ऐकावी. अर्थ आणि छटा यांना एकाच पायरीवर बसवले, की बहुतेक वाद सुरू होतात. 'माळ' (हार की उजाड रान), 'कळ' (वेदना की यंत्राची खुंटी), 'भाव', 'नाद', 'हार' या शब्दांबाबतही हीच रीत वापरावी: लिंग, क्रियापद, शेजारचे विशेषण, आणि त्यानंतरच आपले मन.

५. गाण्यातला 'मी' म्हणजे गीतकार स्वतःच का?

तसे गृहीत धरू नये. 'मी' हे गाण्यातील पात्र असते. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्यांत बोलणारी विरहव्याकुळ स्त्री आहे, आणि ते ऐकताना कोणाचाही गोंधळ होत नाही. मग आजच्या गीतातील प्रत्येक 'मी' आत्मचरित्र का समजावा, हे कळत नाही.

मराठीत 'मी' स्त्री आहे की पुरुष, हे क्रियापद सांगते किंवा लपवते. 'मी आले' म्हणणारी स्त्री, 'मी आलो' म्हणणारा पुरुष. परंतु 'मी पाहिले', 'मी सोडले', 'मी हाक दिली' यांत क्रियापद कर्माप्रमाणे चालते आणि बोलणाऱ्याचे लिंग झाकले जाते. ज्या गीतकाराला आपले गाणे कोणाच्याही तोंडी शोभावे असे वाटते, तो नकळत अशाच क्रियापदांकडे वळतो. यालाही अपवाद आहेत: 'विसरणे', 'शिकणे' ही क्रियापदे सकर्मक असूनही कर्त्याप्रमाणे चालतात, म्हणून पाच कडवी काटेकोरपणे लपवलेला 'मी' एखाद्या 'विसरले'पाशी उघडा पडतो.

आता उदाहरणातील 'दारी तुझ्या आले' पाहा. कर्ता सांगितलेलाच नाही. 'मी' घेतला तर ती स्त्री आहे. 'ते' घेतले तर आदरार्थी एक माणूस किंवा अनेक माणसे. नपुंसकलिंगी कर्ताही चालतो, म्हणजे पाखरू, वादळ, अगदी पाणीसुद्धा. तीनही वाचने व्याकरणाला मान्य आहेत. फक्त 'मी' म्हणणारा पुरुष येथे बसत नाही.

६. 'तू' म्हणजे देव की प्रिय व्यक्ती?

हा सर्वांत अधिक विचारला जाणारा प्रश्न आहे. भक्तिगीत आणि प्रेमगीत यांची भाषा शेकडो वर्षांपासून सामाईक असल्यामुळे तो सुटतही नाही. क्रियापदाच्या लिंगाचा उपयोग येथे मर्यादित आहे. 'आलास' किंवा 'आलीस' असे रूप आले तर थोडे कळते. 'ये', 'थांब', 'सांग' या आज्ञार्थांत काहीच कळत नाही. शिवाय विठ्ठलालाच माऊली आणि विठाई म्हटले जाते, तेव्हा स्त्रीलिंगी रूप आले म्हणून देव गेला असे होत नाही.

उपयोगी पडते ती एक कसोटी: निवडलेला अर्थ पहिल्या ओळीपासून शेवटच्या कडव्यापर्यंत चालवून पाहावा. प्रेमगीत म्हणून ऐकताना तिसऱ्या कडव्यात 'तू'ला चराचरात भरलेला म्हटले आणि ती नुसती अतिशयोक्ती वाटली, तर हरकत नाही. पण भक्तिगीत म्हणून ऐकताना 'तू'ने पत्राचे उत्तर न दिल्याची तक्रार आली, तर तो अर्थ अडखळतो. दोन्ही अर्थ शेवटपर्यंत अखंड चालले तर निवड करण्याची गरज नाही. अशा गाण्यात एक अर्थ दुसऱ्याला उचलून धरत असतो.

७. कविता वाचताना लागलेला अर्थ गाणे ऐकताना का बदलतो?

कागदावर विरामचिन्हे असतात, गाण्यात श्वास असतो. 'आले ना' हे दोन शब्द घ्या. सपाट सुरात ते 'आले नाही' असे होते. शेवटचा स्वर किंचित वर नेला तर 'आले की नाही, सांग' असा लाडिक आग्रह होतो. गायकाने घेतलेला तो एक स्वर कवितेचा निकाल फिरवू शकतो. 'हाक दिली कुणी कुणाला' ही ओळही प्रश्न म्हणून गाता येते आणि 'कोणीतरी कोणाला तरी' या अर्थाचे उदास विधान म्हणूनही.

दुसरे कारण ध्रुवपदाचे. तेच शब्द प्रत्येक कडव्यानंतर परत येतात, पण ऐकणारा तोच राहिलेला नसतो. पहिल्यांदा 'दार बंद झाले' ऐकताना ते वाऱ्याने लागले असे वाटेल. मधल्या कडव्यात भांडणाचा उल्लेख आला, की त्याच शब्दांत कोणाचा तरी हात दिसू लागतो. ओळीत 'झाले' आहे, 'केले' नाही, म्हणजे दार लावणाऱ्याला शब्दांनी लपवले आहे. त्याला बाहेर काढायचे की नाही, हे कडवी ठरवतात.

तिसरे कारण अगदी व्यावहारिक आहे. गाण्यात मूळ कवितेची सगळी कडवी घेतलेली नसतात. वगळलेल्या कडव्यात कर्त्याचे नाव असेल, तर कवितेत स्पष्ट असलेली ओळ गाण्यात संदिग्ध होते.

८. चाल आनंदी आणि शब्द दुःखी असतील तर कोणाचे ऐकावे?

दोघांचेही, आणि विशेषतः कडव्यांचे. ऐकणाऱ्याच्या लक्षात चाल आणि ध्रुवपद राहते, कडवी निसटतात, आणि बहुतेक मोठे गैरसमज येथूनच होतात. ब्रूस स्प्रिंगस्टीनचे 'बॉर्न इन द यूएसए' (१९८४) अनेकांनी देशाभिमानाचा जयघोष म्हणून डोक्यावर घेतले. कडव्यांत मात्र व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या आणि कोणी काम देत नसलेल्या माणसाची कहाणी आहे. 'द पोलीस'चे 'एव्हरी ब्रेथ यू टेक' (१९८३) लग्नसमारंभांत वाजते. ते लिहिणाऱ्या स्टिंगने मात्र त्यात पाळत ठेवणारी, मालकी गाजवणारी वृत्ती असल्याचे सांगितले आहे. चाल आणि शब्द यांतील असे अंतर ही चूक समजू नये. पुष्कळदा ते अंतर हाच गाण्याचा विषय असतो. अर्थात प्रत्येक वेळी नाही. कधी संगीतकाराने ठेका आधी ठरवलेला असतो, इतकेच.

९. गीतकाराने स्वतः अर्थ सांगितला, तर वाद संपला का?

वादातील एक भाग संपतो. 'लूसी इन द स्काय विथ डायमंड्स' (१९६७) या गाण्याच्या नावातील आद्याक्षरांत लोकांनी एलएसडी हा अमली पदार्थ शोधला. ते लिहिणाऱ्या जॉन लेनन यांनी मात्र हे नाव आपल्या लहान मुलाने काढलेल्या चित्रावरून आल्याचे सांगितले. नाव कोठून आले, या प्रश्नावर लेनन यांचा शब्द प्रमाण मानावा, कारण ती माहितीची बाब आहे. गाणे काय सुचवते, हा प्रश्न वेगळा. विमसॅट आणि बियर्ड्‌स्ली या दोन समीक्षकांनी १९४६ साली मांडले, की लेखकाचा हेतू हा साहित्यकृती जोखण्याचा मापदंड होऊ शकत नाही. जे शब्दांत उतरले नाही ते नंतर सांगून उतरत नाही.

हे मत टोकापर्यंत नेऊ नये, असे आमचे मत आहे. गीतकाराने सांगितलेला अर्थ शब्दांत बसत असेल, तर त्याला इतरांच्या अर्थापेक्षा थोडे अधिक वजन द्यावे. बसत नसेल, तर आदराने ऐकून बाजूला ठेवावा. गीतकार विसरतात, थट्टा करतात, आणि तोच प्रश्न शंभराव्यांदा विचारला गेला तर काहीही सांगतात.

१०. गीतकाराच्या आयुष्यातील घटना माहीत असेल तर ती ओळीशी जोडावी का?

ओळीला तिची गरज असेल तर जोडावी. घटना काढून घेतल्यावर ओळ निरर्थक होत असेल, तर संदर्भ खरोखर आवश्यक आहे. घटना काढूनही ओळ पूर्ण उभी राहत असेल, तर ती जोडणे म्हणजे कुतूहल. शिवाय तारखा तपासाव्यात: विरहाचे म्हणून सांगितले जाणारे गाणे त्या विरहाच्या आधीच लिहिलेले असते, असे घडते. 'मी' विषयीची सावधगिरी प्रश्न ५ मध्ये आहे.

११. चित्रपटातील प्रसंगाने गाण्याचा अर्थ पक्का होतो का?

चित्रपटापुरता होतो. प्रसंगात दारी कोण आले ते दिसते, म्हणून 'आले'चा कर्ता ठरतो. पण चित्रपट न पाहिलेल्या माणसाने तेच गाणे नुसते ऐकले, तर त्याच्यासाठी ती जागा पुन्हा मोकळी होते, आणि त्याने भरलेला कर्ता व्याकरणाला मान्य असेल तर तो चुकलेला नाही. वाद घालताना आपण प्रसंगातील गाण्याविषयी बोलतो की सुट्या गाण्याविषयी, एवढे आधी ठरवावे.

१२. मुद्दाम कोड्यासारखी लिहिलेली गाणी कशी सोडवायची?

प्रथम किल्ली गाण्यातच दिली आहे का ते पाहावे. एकनाथांच्या विंचवाच्या भारुडात विंचू म्हणजे काम-क्रोध, हे भारूडच सांगते आणि उतारा म्हणून सत्त्वगुणाचे नावही घेते. तेथे विंचवाचा आणखी काही गूढ अर्थ शोधणे म्हणजे उघड्या दाराला किल्ली लावणे. असे रूपक संदिग्ध नसते.

ज्ञानेश्वरांच्या नावावर असलेले, काट्याच्या अणीवर वसलेल्या तीन गावांचे कूट मात्र वेगळ्या जातीचे आहे. तीनांपैकी दोन गावे ओसाड आणि तिसरे वसतच नाही. त्या न वसलेल्या गावी तीन कुंभार येतात, दोन थोटे आणि तिसऱ्याला काही घडवताच येत नाही. ही साखळी अशीच पुढे चालते. तीन या संख्येत त्रिगुण पाहणारे निरूपण प्रचलित आहे आणि ते बऱ्याच अंशी लागूही पडते. तरीही प्रत्येक कुंभाराला एकेक नाव देत बसण्यापेक्षा रचना काय करते ते पाहणे अधिक फलदायी वाटते: ती प्रत्येक पायरीवर काहीतरी हातात देते आणि लगेच काढून घेते. जे नाहीच त्यावर पुढचे सगळे उभे आहे, हा अनुभव कोडे सुटण्यापूर्वीच ऐकणाऱ्याला येतो. कूट सोडवण्याच्या घाईत तो निसटू नये.

१३. काही शब्दांना अर्थच नसतो, हे खरे का?

खरे आहे. चाल आधी तयार असेल तर तिच्या मात्रा मोजण्यासाठी तात्पुरते शब्द बसवण्याची पद्धत आहे. पॉल मॅकार्टनी यांच्या 'यस्टर्डे' (१९६५) या गाण्याच्या चालीवर आरंभी अंड्यांविषयीचे निरर्थक शब्द होते, ते पुढे बदलले गेले. सर्वच तात्पुरते शब्द मात्र बदलले जात नाहीत. एखादा चालीला इतका घट्ट बसतो की तसाच राहतो. 'रे', 'गं', 'हो' यांचेही बरेचदा काम मात्रा भरण्याचे असते. पण 'गं' ऐकणारी स्त्री आहे हे सांगतो, म्हणून त्याला रिकामा समजण्यापूर्वी प्रश्न ६ कडे परत जावे.

१४. दोन ठिकाणी शब्द वेगवेगळे छापले आहेत. कोणता पाठ धरावा?

आधुनिक गीत असेल तर गीतकाराच्या संग्रहातील पाठ कवितेसाठी आणि मूळ ध्वनिमुद्रणातील पाठ गाण्यासाठी धरावा. दोन्ही अधिकृत असू शकतात. संतरचना शतकानुशतके मुखोद्गत राहिल्या, त्यामुळे त्यांत पाठभेद असणे स्वाभाविक आहे. तेथे जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणारे एक तत्त्व पाळतात: कठीण पाठ सहसा अधिक जुना, कारण लोक अवघड शब्द सोपा करतात, सोपा शब्द अवघड करत नाहीत. आपल्याला आवडलेला अर्थ नेमका सोप्या पाठातूनच निघत असेल, तर थोडे सावध व्हावे.

१५. पुरुषाचे गाणे स्त्रीने गायले आणि 'आलो'चे 'आले' केले, तर अर्थ तोच राहतो का?

कधी राहतो, कधी एका अक्षराने मोकळा होतो. 'दारी तुझ्या आलो' या ओळीत एक पुरुष किंवा 'आम्ही' असा समूह, एवढेच पर्याय आहेत आणि दोन्हींत बोलणारा स्वतः दारात उभा आहे. 'आले' केले, की प्रश्न ५ मधील सगळी पात्रे, पाखरू आणि पाणीसुद्धा, दारात येऊन उभी राहतात. गायिकेने केवळ स्वतःला शोभेल असा बदल केलेला असतो, आणि बोलणारा दारात आहे की घरात, हेच आता ओळीवरून सांगता येत नाही.